पहिल्या पाण्याचा दाखला

आक्काला गार पाणी आवडतं, ही आमच्या घरात कुणी कधी तपासून न पाहिलेली गोष्ट होती. थोरल्या काकांना वांगं चालत नाही, वडिलांना जेवताना हाक मारायची नाही आणि आक्काला गार पाणी आवडतं. पन्नास वर्षं मीही ती खरी मानली. माझं वय चोपन्न, म्हणजे पहिल्या चार वर्षांचा दोष मला देता यायचा नाही. बाकीचा माझाच.

आम्ही मूळचे वेल्ह्याकडचे. तालुक्याचं नाव आता बदललंय, पण तोंडाला जुनंच बसलंय. परसदारी तीन दगडांच्या चुलीवर तांब्याचा मोठा हंडा असायचा. सकाळी त्यातलं पहिलं पाणी वडिलांचं. मग काकांचं. पाहुणा असला तर मग पाहुण्याचं. मग आम्ही भाऊ, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. मग आई आणि सगळ्यांत शेवटी आक्का. प्रत्येकाने बादलीभर कढत पाणी काढून घ्यायचं आणि हंड्यात बादलीभर गार ओतायचं, अशी शिस्त. दिसायला अगदी न्यायाची. पण सरपण डोंगरावरून डोक्यावर आणायचं, त्यामुळे पोरांच्या आंघोळी झाल्या की जाळ वाढवायचा नाही, हीही शिस्तच. आक्काची पाळी येईतो हंड्यातलं पाणी ओढ्याच्या पाण्याहून जेमतेम ऊन उरलेलं असे.

जाळ घालायचं काम आक्काचंच होतं. आणि मला आंघोळ घालायचंही. मी तिच्याहून दहा वर्षांनी लहान. पाणी कढत आहे म्हणून मी रडायचो, गार झालं म्हणून रडायचो, आणि दोन्ही बरोबर असेल तर साबणावर रडायचो. आक्का आधी कोपर बुडवून पाणी बघायची. हाताला कळत नाही तेवढं कोपराला कळतं, असं तिचं म्हणणं. मग मला पुसून, केस विंचरून, चुलीपाशी बसवून ती पाटीवर अक्षरं काढून द्यायची. ती स्वतः चौथी शिकलेली, पण अक्षर असं की गुरुजींनी फळा तिच्याकडून लिहून घ्यावा. माझं गिरवून होईतो ती न्हाणीत जाऊन यायची. आत तांब्याचे चार-पाच आवाज भराभर व्हायचे आणि ती दात वाजवत बाहेर. आई विचारायची, "गार झालं का गं?" आक्का म्हणायची, "मला गारच बरं."

मी तिसरीत होतो तेव्हा तिचं लग्न झालं आणि ती आंबवड्याच्या पुढच्या एका वाडीत गेली. त्यानंतर काही महिने मला आंघोळ घालायला कुणी मिळेना. म्हणजे मिळत होते, पण कोपर कुणी बुडवत नव्हतं.

इतकी जुनी गोष्ट आत्ता निघायचं कारण आमचा भोरातला गीझर. आक्का गेल्या पावसाळ्यात गुडघे दाखवायला आमच्याकडे आली होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षं पोटरीभर चिखलात वाकून भात लावलेले गुडघे ते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शेकायला सांगितलं, वाटलंच तर पुढे ऑपरेशनचं बघू म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने तिला बाथरूममध्ये गीझर लावून दिला. आक्का आत गेली ती बाहेरच येईना. अर्धा तास झाला. मी काळजीने दार वाजवलं. आतून काही नाही. पुन्हा वाजवलं.

"मेली न्हाई अजून," आतून आवाज आला. "पानी वतून घेती."

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. मी आपलं सहज म्हणालो, "आक्का, तुला तर गार पाणी आवडतं ना?"

तिने केस झटकले. मग म्हणाली, "आसं म्या कवा म्हनलं?"

"तूच म्हणायचीस की. मला गारच बरं."

"आरं, उरायचंच गार. मग काय म्हनू?"

बायको ओट्यापाशी उभी होती. तिने गॅस बारीक केला, पण माझ्याकडे बघितलं नाही. तिचं न बघणं मला कळतं.

चहा पिताना आक्का आपणहून बोलली. तिचा मुलगा लांबच्या शहरात नोकरीला आहे. भाताची काढणी झाली की तो तिला कायमचं घेऊन जाणार होता. शेत वाट्याने द्यायचं, घराला कुलूप. मुलगा-सून चांगली आहेत. पण जागा चौथ्या मजल्यावर, आणि न्हाणीघर एवढं की अंग पुसायलासुद्धा दार उघडावं लागतं.

"जायाचं हाय मला. तक्रार न्हाई," ती म्हणाली. "पर जायाच्या आदी येकदा गळ्याइतक्या कढत पान्यात बसायचंय. कुनी हाक मारायची न्हाई, कुनी दार वाजवायचं न्हाई. मग न्या मला कुठं न्यायचं तिकडं."

एवढंच. मागणं एवढं लहान होतं की मला त्याची लाज वाटली.

घाट उतरून कोकणात गेलं की गरम पाण्याचे झरे आहेत, हे मला माहीत होतं. मी मोठ्या उत्साहाने सुचवलं. आक्का म्हणाली, घाटाच्या दुसऱ्या वळणाला तिला उलटी होते आणि गावभरच्या माणसांत ती पाण्यात बसणार नाही. विषय संपला. मग मला आठवलं, वेल्ह्याच्या बाजूला ओळखीतल्या एका माणसाचं फार्महाऊस आहे. पुण्याचा माणूस. चार वर्षं हौसेने आला, आता सगळं आवरून चालला होता. त्याच्या अंगणात ताडपत्रीखाली एक टब पडून होता. हॉट टब म्हणतात त्याला. आत बसायला पायरी, पाणी तापवायचं यंत्र, पाणी फिरवायचा पंप, वरून जाड झाकण. तो म्हणाला, "न्या, नाहीतरी पाला साठतोय."

इथपर्यंत सगळं सोपं होतं. आता मी कोण, ते सांगायला हवं. मी कारकून आहे. तीस वर्षं सरकारी कचेरीत टेबलापलीकडच्या माणसाला "अर्जासोबत काय जोडलंय?" असं विचारत आलो. लोक दारात मांडव घालतात, हौद बांधतात, पत्रे ठोकतात आणि मग कुणी विचारलंच तर डोकं खाजवतात. मला ते जमत नाही. टब आक्काच्या दारात टेम्पोतून उतरायच्या आधी माझा अर्ज तयार होता. टबाचं इंग्रजी माहितीपुस्तक मी आधीच आणून चार रात्री बसून मराठीत उतरवलं आणि तेही जोडलं. आक्काला एक पान वाचून दाखवलं: "सदर हौदामध्ये मद्यप्राशन करून प्रवेश करू नये."

आक्का म्हणाली, "तुजं दाजी असतं तर त्येंना म्होरं बसवून वाचलं असतं."

तिच्या वाडीच्या ग्रामपंचायतीत ग्रामसेवक भाऊसाहेबांनी माझा अर्ज वाचला. शेवटच्या पानापर्यंत वाचला, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवतो. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"साहेब, हे नक्की काय आहे?"

"गरम पाण्याचा हौद. घरगुती. माझ्या बहिणीसाठी."

"मग ठेवायचा की."

"नियम काय आहे तो बघून ठेवावा म्हटलं. ना-हरकत दाखला मिळाला तर बरं."

भाऊसाहेबांनी अर्ज उलटून पुन्हा पहिलं पान वर घेतलं. "तुम्ही विचारलं नसतं," ते हळू म्हणाले, "तर मला उत्तर द्यावं लागलं नसतं."

हे वाक्य मी नोकरीत असंख्य लोकांना म्हणू शकलो असतो आणि एकदाही म्हणालो नव्हतो. माणूस मोठा होता.

आता विचारलंच आहे म्हटल्यावर हा टब कशात बसवायचा, हा प्रश्न आला. पोहण्याचा तलाव म्हणावा तर जीवरक्षक नेमा, नोंदवही ठेवा. पिण्याच्या पाण्याची टाकी म्हणावी तर त्यात माणूस बसणार. जनावरांचा हौद म्हणावा तर काहीच अट नाही, पण मग आक्काला काय सांगायचं? भाऊसाहेब म्हणाले, "तिन्हीतलं नाही. मासिक सभेपुढं ठेवतो." इथे मला तुम्हाला सांगायला हवं की हे आक्काच्या वाडीपुरतं. तुमच्याकडे नगरपालिका असेल, सोसायटी असेल, तिथलं वेगळं. विचारून घ्या. किंवा भाऊसाहेबांचा सल्ला माना आणि विचारू नका. पण वायरमनला तरी विचाराच, ते पुढे येतं आहे.

सभेला मी मागच्या बाकावर बसलो. माझा अर्ज वाचला गेला. एका सदस्याने विचारलं, "ह्यात म्हस बसंल का?" दुसरा म्हणाला, "म्हस बसंल, पर वीजबिल बघून उटंल." हसणं झालं. सरपंचबाई अर्जच बघत होत्या. त्यांनी विचारलं, "कुनासाठी हाय?"

मी उभा राहून सांगितलं. आक्कासाठी. गुडघे. काढणीनंतर ती जाणार आहे. गाव सोडून चालल्या बाईची एक इच्छा आहे, एवढं बोललो आणि खाली बसलो.

"मग ल्हिवा की दाखला," सरपंचबाई भाऊसाहेबांना म्हणाल्या. "बायकांच्या आंघुळीची परवानगी मागायला आजवर आलंय कोन हितं?"

पण बाई व्यवहारी होत्या. मी जोडलेली पानं त्यांनी मागून घेतली आणि त्यातल्या अटी एकेक करून घालायला लावल्या. पोरंबाळं आत पडू नयेत म्हणून चारी बाजूंनी कुंपण आणि आतून-बाहेरून कडीचं दार. वापर नसताना झाकणाला कुलूप. जंतुनाशक औषध घातलेलं पाणी ओढ्यात सोडायचं नाही. विजेचं काम परवाना असलेल्या माणसाकडून. एकट्याने आत उतरायचं नाही, बाहेर जागं माणूस हवं. आणि या अटींची पाटी जागेवर लावायची. सहा अटी झाल्या. झाकणाच्या अटीला मी मनात जरा हसलो होतो. टब येऊन खळ्यावर ठेवल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारची शेळी त्या झाकणावर चढून चिंचेचा पाला खात उभी दिसली. झाकण आधीच जुनं, कोपऱ्यात दबलेलं. मी हसणं मागे घेतलं आणि कुलूप आणलं.

खळ्यावरच ठेवला, कारण भरलेल्या टबाचं वजन एखाद्या भरल्या बैलगाडीहून जास्त होतं. ओटा ते पेलणारा नव्हता. आक्काचं खळं वर्षानुवर्षं चोपून दगडासारखं झालेलं. आता मळणी यंत्रावर होते, खळं रिकामंच. तिथे कोबा करून घेतला. त्या खळ्यावर आक्काने किती भात झोडलं असेल, ते मी तिला विचारलं नाही. उत्तर ऐकायची तयारी नव्हती.

वायरमन किकवीहून मोटरसायकलवर यायचा. माणूस कमी बोलणारा. त्याने आधी घरातली जुनी वायर बघितली, मग मला बघितलं. "पाणी, वीज आणि माणूस एका भांड्यात घालायचं म्हणताय," तो म्हणाला. "घाईत व्हायचं न्हाई." वाढीव भारासाठी वेगळा अर्ज झाला. मीटरपासून वेगळी वायर ओढली. कोळसा आणि मीठ घालून अर्थिंगचा खड्डा केला. वायरीत किंवा पाण्यात कुठे थोडी जरी वीज गळाली तरी क्षणात लाईन तोडणारं एक यंत्र बसवलं आणि त्यावरचं बटण दाबून दाखवलं. खट्‌कन सगळं बंद. "ह्ये दर खेपंला पाणी तापवायच्या आदी दाबून बघायचं. बंद झालं तर चांगलं. न्हाई झालं तर पाण्यात उतरायचं न्हाई आन्‌ मला फोन करायचा."

आक्काला ते बटण फार आवडलं. टबात अजून थेंब नव्हता, तरी ती रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की जाऊन बटण दाबायची. खट्‌ झालं की समाधानाने मान हलवायची. स्विच हौदातल्या माणसाच्या हाताला लागता कामा नये, अशी पुस्तकातलीही एक अट होती. तिने कोरड्या टबात बसून, हात लांब करून, ती स्वतः तपासली. "न्हाई पुरत," म्हणाली. मला वाटलं, ती तिथून उठूच नये.

हे सगळं होईतो गणपती गेले, दसरा गेला. भात पिवळं पडलं. भाच्याचा फोन आला, "मामा, दिवाळी झाल्यावर पहिल्या रविवारी येतो. आईची बांधाबांध करून ठेवा." मी हो म्हटलं. त्याला हौदाबद्दल काही सांगितलं नाही. नातेवाइकांत माझी आधीच जी कीर्ती आहे, ती पुरे.

शेवटी अडलं ते लुगड्यावर. पुस्तकात लिहिलं होतं, पाणी ओढणाऱ्या जाळीपाशी मोकळे केस आणि सैल कपडा नेऊ नये, ओढला जाऊ शकतो. आक्काचं लुगडं नऊवारी. ती ते सोडून उघड्यावर पाण्यात बसणार नाही, हे मला विचारायची गरज नव्हती आणि तिला सांगायची हिंमत नव्हती. मी दोन दिवस ते पान पुढे-मागे करत राहिलो. बायकोने ते बघितलं. तिने आक्काचं एक जुनं मऊ लुगडं मागून घेतलं, त्याचा गुडघ्याखालपर्यंतचा अंगाबरोबरचा झगा शिवला आणि केसांना बांधायला उरलेल्या पदराची पट्टी केली. कुंपणाला आतून हिरवी शेडनेट लावली. आक्काने आत उभं राहून चारी बाजूंना बघितलं.

"कुंपनाचा नियम चांगला हाय हो," ती म्हणाली.

"वन्सं, झगा बसतोय ना अंगाला?" बायकोने विचारलं.

"माजंच लुगडं. न्हाई बसायला काय झालं?"

त्या आठवड्यात डॉक्टरांकडेही जाऊन आलो. आक्काची रक्तदाबाची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पाणी अडतीसच्या वर नको, जेवल्याबरोबर नको, दहा मिनिटं बसा, फार तर पंधरा, आणि उठताना हळू. आक्काने विचारलं, "अडतीस म्हंजी किती?" डॉक्टर म्हणाले, "तापातल्या अंगाइतकं." आक्का बाहेर आल्यावर म्हणाली, "येवढ्यावर तर चहा बी व्हायचा न्हाई."

घरी परतताना बायको म्हणाली, "सगळं केलंत. पण एक सांगू? वन्सं आधी उतरणार नाहीत. तुम्हालाच आधी बसवतील. म्हणतील, तू जा, मी मागनं."

मला ते पटलं. सगळे दाखले गोळा केले होते आणि हे राहिलं होतं. तीस वर्षं कारकुनी केल्याचा उपयोग मला त्या रात्री झाला. पाटी अजून रंगवायची होती. पांढरा पत्रा घेतला, काळा रंग घेतला आणि सहा अटींखाली मी सातवी लिहिली.

शुक्रवारी टब भरला. आमच्या वाड्यावस्त्यांवर विजेचा दाब जेमतेम. पाणी तापता तापेना. शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी चार वाजता काट्यावर अडतीस आलं. दुसऱ्या दिवशी भाचा येणार होता. ओटीवर आक्काची दोन गाठोडी आणि एक पत्र्याची पेटी बांधून ठेवलेली.

आक्का झगा घालून, वरून शाल पांघरून आली. आधी जाऊन बटण दाबलं. खट्‌. वायरमनने शिकवल्याप्रमाणे परत चालू केलं. मग झाकण काढल्यावर तिने बाही वर केली आणि कोपर पाण्यात बुडवलं. मी तिथेच उभा होतो, पण क्षणभर मला डोळ्यांत साबण गेल्यासारखं झालं.

"बाळाच्या आंघुळीचं हाय," ती म्हणाली. "बरूबर हाय." मग माझ्याकडे वळली. "जा. तू बस आदी. दमलायस. म्या बसती मागनं."

मी पाटीकडे बोट केलं.

आक्काने चष्मा लावला. पहिल्यापासून वाचायला लागली, बोट लावून, अगदी सावकाश. "झाकणास वापर नसताना कुलूप असावे. झाकणास वापर नसताना कुलूप असावे." सगळ्या सहा वाचल्या. मग सातवी. "हौदात प्रथम घरातील वयाने ज्येष्ठ स्त्रीने उतरावे. ती उतरल्याखेरीज इतर कोणीही उतरू नये."

ती थांबली. पुन्हा वाचली.

"सरपंचबाईनं घातली व्हय ही अट?"

"ग्रामपंचायतीच्या अटी आहेत, आक्का," मी म्हणालो. तोंडाने अर्धं खरं बोलायचा मला सराव आहे.

तिचं बोट वर गेलं, पहिल्या ओळीतल्या 'झाकणास' या शब्दावर. तिथल्या झ च्या शेपटीवरून ते खालपर्यंत आलं आणि टोकाशी जरा उजवीकडे वळलं. तशी शेपटी या तालुक्यात दोनच माणसं काढतात. एकाला दुसऱ्याने चुलीपाशी बसवून शिकवलेली.

"सा अटी त्येंच्या असतील," आक्का म्हणाली. "सातवी कुनाची ती कळली मला."

 मला वाटलं, आता ती हसेल, नाहीतर मला झिडकारून म्हणेल की गप बस जा आत. तिने चष्मा काढून माझ्या हातात दिला. शाल दिली. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून ती पायरीवर चढली. मी शेडनेटच्या बाहेर येऊन पाठ करून बसलो. बायको दारापाशी आत उभी राहिली.

पाणी हलल्याचा आवाज आला. मग मोठा श्वास सोडल्याचा. मग काहीच नाही.

समोर कापलेल्या भाताची खाचरं होती, त्यांच्या पलीकडे डोंगर. मी मोबाईलवर दहा मिनिटं लावून तो मांडीवर ठेवला होता. माणसाच्या आयुष्यात अशी किती मिनिटं असतात, जेव्हा त्याला जे हवं ते भिंतीपलीकडे, दुसऱ्या कुणाला तरी मिळत असतं आणि त्याला तेवढंच पुरतं. मला आईची फार आठवण झाली. तिची पाळी आक्काच्या आधीची होती, पण फारशी आधीची नव्हती. तिला कुणी कधी विचारलं नाही. तिच्यासाठी मी अर्ज करू शकलो नाही. तेव्हा मला लिहायलाच येत नव्हतं, आणि लिहायला यायला लागलं तेव्हा मी इतरांचे अर्ज तपासत होतो.

पाच मिनिटं झाली तसं न राहवून विचारलं, "आक्का, बरं वाटतंय ना?"

"दार वाजवू नगंस," आतून आवाज आला.

बायको आत हळूच हसली. दहा मिनिटं झाली आणि मोबाईल वाजला. मी तो बंद केला. डॉक्टर 'फार तर पंधरा' म्हणाले होते. आयुष्यभर माझ्या टेबलावरून मी कुणाला 'फार तर' मधलं काही दिलं नव्हतं. ती पाच मिनिटं मी दिली. पंधराव्या मिनिटाला बायकोने तिला हात दिला. ती हळू उठली, जरा थांबली, मग बाहेर आली.

शाल गुंडाळून ती खळ्याच्या कडेच्या दगडावर बसली. चेहरा गीझरच्या दिवसासारखा लाल. बायकोने पाण्याचा तांब्या दिला, तो तिने सगळा प्यायला. रिकामा तांब्या दगडावर ठेवला. 

"तुजी आई आसती तर," ती शेवटी म्हणाली, आणि तिथेच थांबली. आई तिचीही होती. पण ती माझ्याशी बोलताना अजून 'तुजी आई' म्हणते, माझे केस विंचरत असल्यासारखी.

मग बायको बसून आली. मी मुद्दाम सगळ्यांत शेवटी गेलो. मनात होतं की आता मागचं पाणी घ्यावं. पन्नास वर्षांत एकदा तरी शेवटचं, उरलेलं, गार झालेलं पाणी आपल्या अंगावर यावं. आत उतरलो. पाणी गळ्यापर्यंत आलं. कढत होतं. काट्यावर बघितलं, अडतीस. या यंत्रात मागच्या माणसाला गार पाणी मिळायची सोयच नव्हती.

"कसं हाय?" बाहेरून आक्काने विचारलं.

"तसंच आहे, आक्का. कढत."

"मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी भाचा आला. त्याने टब बघितला, पाटी वाचली आणि मला म्हणाला, "मामा, तुम्ही पण ना." आक्काने गाडीत बसायच्या आधी घराला कुलूप घातलं, किल्ली मला दिली, गाडीत बसली आणि मग उतरून परत खळ्यावर गेली. खट्‌ असा आवाज आला. मग येऊन बसली.

त्याला आता पाच महिने झाले. दोन-तीन रविवारांनी मी भोरातून तिकडे जातो. झाकणाचं कुलूप बघतो, शेडनेट कुठे फाटली असेल तर बांधतो, बटण दाबतो. पाणी मी तेव्हाच काढून टाकलं; औषध उतरेपर्यंत चार दिवस उघडं ठेवलं आणि मग चिंचेच्या मुळाशी सोडलं. रविवारी आक्काचा फोन येतोच. चौथ्या मजल्यावरचं सगळं सांगते. पाणी दिवसाआड येतं, सून चांगली आहे, खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. शेवटी विचारते, "दाबलंस का रं?"

"दाबलं."

"बंद झालं?"

"झालं."

बायको परवा म्हणाली, एकदा भरू या का, तुमची पाठ धरते म्हणता ना. पाठ धरते खरी. मी गेलो तिकडे, नळी लावायला वाकलोही. मग समोर पाटी होती. सहा अटी ग्रामपंचायतीच्या आहेत, त्यांचं काही अडत नव्हतं. सातवी माझी आहे. ती उतरल्याखेरीज इतर कोणीही उतरू नये, असं मीच लिहून ठेवलंय, शेपटीच्या अक्षरात, आणि अर्जदार म्हणून सहीही माझीच आहे.

नळी गुंडाळून ठेवली. आक्का म्हणते, पेरणीच्या आधी येईन. गाडीत उलटी होते, पण येईन. भाचा म्हणतो बघू. मी दाखला पुढच्या वर्षासाठी नवा करून घ्यायला भाऊसाहेबांकडे गेलो होतो. ते म्हणाले, "साहेब, हा दरवर्षी करावा लागत नाही."

"माहीत आहे," मी म्हणालो. "तरी करा."